बर्लिनचं वऱ्हाड

तुम्ही कधी हरायला गेला आहात? ऑफिसच्या टेनिस बॉल टुर्नामेंटचं विचारत नाहीये. तिथे आपण सगळेच हरायला जातो, वडापाव मिळतो म्हणून. मी विचारतोय ते रीतसर जाण्याबद्दल. रजा टाकून, रेल्वेचं बुकिंग करून, ठेवणीतले कपडे घालून, आजोबा आणि नातवंडं सोबत घेऊन, आणि 'आपण बहुतेक हरणार' हे पक्कं ठाऊक असताना?

मी अशी माणसं पाहिली. एक-दोन नाही, हजारोंनी. तारीख २४ मे २०२५, वार शनिवार, शहर बर्लिन.

आता आधीच कबूल करतो, मी बर्लिनला फुटबॉल बघायला गेलो नव्हतो. फ्रीलान्स पत्रकाराला एवढ्या लांब कोण पाठवतंय, बॉस! साठवलेले पैसे, दोनदा विमान बदलायला लावणारं स्वस्तातलं तिकीट आणि राहायला ताईचा सोफा, एवढ्या भांडवलावर माझी युरोपवारी निघाली होती.

ताई म्हणजे माझी मावसबहीण. पुण्यात इंजिनिअरिंग, जर्मनीत मास्टर्स आणि मग बर्लिनमधल्या एका स्टार्ट-अपमध्ये नोकरी. एकदम सेट! फेब्रुवारीत त्या स्टार्ट-अपनं एका सकाळी अर्ध्या टीमला व्हिडिओ कॉलवर घेतलं आणि आभार मानले. त्या अर्ध्यांत ताई होती. तेव्हापासून तिचे दोन उद्योग चालू होते, इंटरव्ह्यू देणं आणि व्हिसाचे दिवस मोजणं. तीन कंपन्यांत ती शेवटच्या राउंडपर्यंत पोचली आणि तिन्ही ठिकाणाहून 'आम्ही दुसऱ्या उमेदवाराची निवड केली आहे' अशी गोड मेल आली. चौथ्या कंपनीचा शेवटचा राउंड सोमवारी, २६ तारखेला होता.

निघताना मावशीनं माझ्या बॅगेत थालीपिठाची भाजणी, मेतकूट आणि एक सीक्रेट मिशन कोंबलं. "तिला म्हणावं, पुरे झालं आता, घरी ये. माझं ऐकत नाही ती, तुझं ऐकेल." मी मान डोलावली. मावशीसमोर मान डोलावण्याव्यतिरिक्त दुसरा पर्याय कधीच नसतो.

शुक्रवारी संध्याकाळी पोचलो, तर ताईचा फ्रिज पिवळ्या चिठ्ठ्यांनी भरलेला. 'तुमची सर्वांत मोठी चूक कोणती?', 'पाच वर्षांनी तुम्ही स्वतःला कुठे बघता?' वगैरे. उत्तरं जर्मनमध्ये. बाथरूमच्या दारावर इस्त्री केलेला ब्लेझर लटकत होता. मिशनचा विषय काढायला ही काही योग्य वेळ नाही, हे माझ्यासारख्या ढ माणसालाही कळलं.

शनिवारी ती म्हणाली, "चल, आज तुला पोकाल दाखवते. डोकं तरी हलकं होईल."

पोकाल म्हणजे जर्मन फुटबॉलचा कप. बुंडेसलिगा आपल्यापैकी बऱ्याच जणांना ऐकून माहीत असते, तिथे वर्षभर पॉइंट्स गोळा करायचे आणि शेवटी बहुतेक वेळा बायर्न म्युनिकनं जिंकायचं. कपचा फंडा वेगळा. पहिल्या फेरीत ६४ संघ. त्यात पहिल्या आणि दुसऱ्या डिव्हिजनचे सगळे ३६ क्लब असतात आणि त्यांच्याबरोबर खालच्या लिगांमधले आणि राज्याराज्यांचे छोटे कप जिंकून आलेले क्लब. म्हणजे सोमवार ते शुक्रवार नोकरी करणारा गोलकीपर शनिवारी नॅशनल टीमच्या स्ट्रायकरसमोर उभा राहू शकतो. हरलात की घरी, दुसरा चान्स नाही. आणि सगळ्यात झकास नियम म्हणजे तिसऱ्या लिगचा किंवा त्याखालचा क्लब वरच्या दोन लिगमधल्या क्लबविरुद्ध आला, तर मॅच छोट्याच्या मैदानावर होते. मोठ्या साहेबांनी बस करून गावात यायचं! म्हणूनच तिकडे म्हणतात, पोकालचे कायदे वेगळेच असतात. १९९४ साली फेस्टनबर्ग्सग्रॉयथ नावाच्या, उच्चार करतानाच दमायला होईल अशा खेड्याच्या क्लबनं बायर्नला १-० नं घरी पाठवलं होतं.

ही स्पर्धा १९३५ पासूनची. पूर्वी फायनल दर वर्षी वेगवेगळ्या शहरांत व्हायची. १९८५ पासून मात्र ती बर्लिनच्या ऑलिम्पियास्टाडिओनमध्येच होते. त्यामागेही एक हरण्याची गोष्ट आहे. १९८८ ची युरो स्पर्धा पश्चिम जर्मनीला मिळाली, पण भिंतीनं वेढलेल्या पश्चिम बर्लिनमध्ये सामने ठेवायला पूर्वेकडच्या देशांचा विरोध होता. मग शहराची समजूत कशी काढायची, तर कपची फायनल देऊन. थोडक्यात, लग्नात मुख्य मान हुकला म्हणून दर वर्षीच्या सत्यनारायणाचा मान मिळाला. भिंत पडली, देश एक झाला, पण फायनल काही बर्लिननं सोडली नाही. आता सगळ्या जर्मनीतल्या फॅन्सचं एकच स्वप्न असतं, मे महिन्यात बर्लिनला जायचं. पहिल्या फेरीची मॅच जिंकली तरी गॅलरीत बर्लिनच्या नावाचा गजर सुरू होतो.

२०२५ ची फायनल होती व्हीएफबी श्टुटगार्ट विरुद्ध आर्मिनिया बीलेफेल्ड. श्टुटगार्ट म्हणजे बुंडेसलिगातलं बडं घराणं. (मुंबईचं हे १९६८ पासूनचं जुळं शहर. तिथे मराठी मंडळीही भरपूर.) आणि आर्मिनिया? तिसऱ्या लिगचा क्लब.

बीलेफेल्डबद्दल एक जोक सांगायलाच हवा. १९९४ मध्ये एका विद्यार्थ्यानं इंटरनेटवर गंमत म्हणून लिहिलं की बीलेफेल्ड नावाचं शहर अस्तित्वातच नाही. तुम्ही कधी गेलायत? तिथून आलेला कुणी भेटलाय? नाही ना? मग! हा जोक जर्मनीत इतका चालला की सव्वातीन लाखांवर वस्तीचं ते शहर आजही टोमणे ऐकतंय. शेवटी २०१९ मध्ये शहराच्या प्रशासनानंच जाहीर केलं की आमचं शहर नाही हे सिद्ध करा आणि दहा लाख युरो घेऊन जा. अर्थात बक्षीस कुणाला मिळालं नाही.

आणि क्लबचं म्हणाल, तर २०२२ मध्ये आर्मिनिया बुंडेसलिगातून खाली घसरला. २०२३ मध्ये दुसऱ्या लिगमधूनही. दोन वर्षांत दोन डिमोशन! ताई म्हणाली, "माझ्यापेक्षा वाईट सीव्ही आहे."

पण त्याच क्लबनं त्या सीझनला काय केलं बघा. पहिल्या फेरीत हॅनोव्हरला हरवलं. मग बुंडेसलिगातले युनियन बर्लिन, फ्रायबुर्ग आणि वेर्डर ब्रेमेन. सेमीफायनलला समोर कोण, तर गतविजेता लेव्हरकुझेन, ज्यांनी आदल्या वर्षी अख्खी बुंडेसलिगा एकही मॅच न हरता जिंकली होती. १ एप्रिलला ती मॅच झाली आणि आर्मिनियानं २-१ नं जिंकली. एप्रिल फूल वाटावं असा निकाल. आणि या पाचही मॅच घरच्या मैदानावर! त्या सगळ्याच्या जोडीला तिसऱ्या लिगचं विजेतेपद आणि प्रमोशन. सॉलिड.

तर दुपारी आम्ही यू-टू मेट्रोनं स्टेडियमकडे निघालो. तिकिटं नव्हती, मिळण्याची शक्यताही नव्हती, नुसतं वातावरण बघायला. मंडळी, तुम्ही लग्नसराईत कोकणात जाणारी एस.टी. पाहिली असेल, तर तो डबा डोळ्यांसमोर आणायला त्रास पडणार नाही. काळा-पांढरा-निळा म्हणजे वधूपक्ष, लाल-पांढरा म्हणजे वरपक्ष. कुणाच्या खांद्यावर गुंडाळलेले झेंडे, कुणाच्या पाठीवर थंड बाटल्यांची सॅक, कुणाकडे फॉइलमध्ये गुंडाळलेली सँडविचेस. बिनबाह्यांच्या जीनच्या जाकिटावर क्लबचे बिल्ले नि पट्ट्या शिवून शिवून मूळ कापड दिसेनासं झालेलं. ही जाकिटं पिढ्यान्‌पिढ्या न धुता जपतात म्हणे. या जाकिटाला तिकडे 'कुट्टं' म्हणतात. शेजारची बाई कौतुकानं आपल्या नवऱ्याचं कुट्टं दाखवायला लागली, तेव्हा मी ओठ चावून हसू दाबलं.

समोरच्या सीटवर एक आजोबा आणि त्यांचा सात-आठ वर्षांचा नातू. दोघांच्या गळ्यात आर्मिनियाचे मफलर. आजोबांचं जुनं विटलेलं, नातवाचं कोरं करकरीत. ताईनं जर्मनमध्ये गप्पा सुरू केल्या. आजोबा सेमीफायनलनंतर रात्रभर झोपले नव्हते. दुसऱ्या दिवसापासून तयारी. तिकिटासाठी अर्ज, रेल्वेचं बुकिंग, मुलीच्या मैत्रिणीकडे राहायची सोय, नातवाच्या शाळेतल्या बाईंना आगाऊ कल्पना. मफलर शोधायला अख्खं माळियं उपसलं.

ताईनं विचारलं, "काय वाटतं, जिंकाल?"

आजोबा हसले. "बहुतेक नाही," म्हणाले, "पण फायनल आहे. फायनलला तयारीनिशीच जायचं असतं."

ताई माझ्याकडे वळून मराठीत म्हणाली, "सोमवारी मला हेच विचारतील." आणि तिनं पर्समधून थालीपिठाची गुंडाळी काढून नातवाला एक तुकडा दिला. त्यानं खाल्ला, डोळ्यांत पाणी आलं, आणि आजोबांच्या हातातली पाण्याची बाटली त्यानं हिसकावून घेतली. तरी दुसरा तुकडा मागितलाच.

स्टेशनातून बाहेर पडलं की समोर ते दोन उंच मनोरे आणि मधे लटकवलेली ऑलिम्पिकची पाच वर्तुळं. १९३६ चं हे स्टेडियम. इथे जेसी ओवेन्सनं हिटलरच्या देखत चार गोल्ड मेडल्स जिंकली. आणि याच आवाराला लागून असलेल्या हॉकीच्या मैदानावर १५ ऑगस्ट १९३६ ला ध्यानचंदच्या टीमनं जर्मनीला ८-१ नं धुतलं. २००६ ची वर्ल्ड कप फायनल, म्हणजे झिदाननं डोकं मारलं ती, इथलीच. २००९ मध्ये उसेन बोल्ट १०० मीटर ९.५८ सेकंदांत धावला तोही इथेच. आत साधारण ७४ हजार माणसं मावतात. बाहेर त्या दिवशी किती होती कुणास ठाऊक. हातात पुठ्ठ्याचे बोर्ड घेऊन 'तिकीट आहे का तिकीट' करत फिरणारे जागोजागी होते. कुणी तिसऱ्यांदा चेहरा रंगवत होतं. आणि या सगळ्या गर्दीच्या कडेकडेनं रिकाम्या बाटल्या गोळा करणारी म्हातारी माणसं. बिअरची काचेची बाटली परत केली की आठ सेंट मिळतात, कॅनचे पंचवीस. फॅन्स बाटली फेकत नाहीत, कचऱ्याच्या डब्याशेजारी नीट उभी करून ठेवतात, त्यांच्यासाठी. लग्नाच्या मांडवाबाहेर जसं एक पान वेगळं काढतात, तसं.

ज्याच्यासाठी हे सगळं, तो कप ५२ सेंटिमीटर उंच, ५.७ किलो वजनाचा, आणि आठ लिटर पेय मावणारा. यातली शेवटची माहिती तिथल्या प्रत्येकाला पाठ होती. २००२ मध्ये शाल्केच्या विजयी मिरवणुकीत तो मॅनेजर रुडी आसाउअर यांच्या हातून पडला आणि चेपला, तेव्हा दुरुस्त करून घ्यावा लागला. कप जिंकणाऱ्यालाच तो चेपायची संधी मिळते, हेही खरं.

तर वऱ्हाड आत गेलं आणि आम्ही ताईच्या घराजवळच्या 'श्पेटी'वर आलो. श्पेटी म्हणजे रात्री उशिरापर्यंत चालणारं कोपऱ्यावरचं दुकान, आपल्या पानटपरीचा जर्मन चुलतभाऊ. मालकानं टीव्ही बाहेर फुटपाथवर मांडला होता, क्रेट उलटे घालून खुर्च्या केल्या होत्या. आठ वाजता मॅच सुरू झाली. पुण्यात साडेअकरा.

बाराव्या मिनिटाला आर्मिनियाच्या सारेनरेन बाझेनं अगदी जवळून मारलेला बॉल क्रॉसबारवर आदळला. अख्खा फुटपाथ उभा राहिला. दोन-तीन इंचांचा प्रश्न होता हो!

आणि मग जे व्हायचं ते झालं. पंधराव्या मिनिटाला निक व्होल्टेमाडेनं गोल केला. बाविसाव्याला एन्झो मिलो. अठ्ठाविसाव्याला डेनिझ उनडाव. अर्धा तास व्हायच्या आत ३-०. ताईच्या फोनवर जर्मनीतल्या मराठी मंडळींच्या ग्रुपवर श्टुटगार्टवाल्यांचे फटाके फुटायला लागले. ताईनं फोन उलटा करून ठेवला.

हाफ टाइमला माझा फोन वाजला. मावशी! पुण्यात सव्वाबारा वाजून गेलेले. मी उठून कोपऱ्यावर गेलो.

"विचारलंस का तिला?"

"मावशी, मॅच चालू आहे गं."

"कोण जिंकतंय?"

"आपले हरतायत. तीन-शून्य."

"मग बघताय कशाला? झोपा की."

मी वळून बघितलं. ताई क्रेटवर बसून शेजारच्या अनोळखी पोराशी तावातावानं भांडत होती, लेफ्ट बॅकला वर का खेळवत नाहीत म्हणून. फेब्रुवारीपासून फोनवर तिचा जो आवाज ऐकत होतो, तो हा नव्हता. "उद्या बोलतो," म्हटलं, आणि फोन ठेवला.

सहासष्टाव्या मिनिटाला मिलोनं आणखी एक मारला. ४-०. आता आपल्याकडे काय झालं असतं? पार्किंगमधून गाडी लवकर काढायची म्हणून अर्धं स्टेडियम रिकामं! टीव्हीवर आर्मिनियाची बाजू दिसत होती. कुणी हललं नव्हतं. गात होते. मी त्या गर्दीत आजोबा-नातवाचे मफलर शोधायचा वेडा प्रयत्नही केला.

ब्याऐंशीव्या मिनिटाला यूलिआन कानियानं गोल केला. फुटपाथवर आरडाओरडा. पंच्याऐंशीव्याला श्टुटगार्टच्या फाग्नोमानकडून बॉल आपल्याच जाळ्यात. ४-२! पाच मिनिटं आणि वरचा थोडा वेळ, एवढ्यापुरता आमच्या श्पेटीवर प्रत्येकाचा चमत्कारावर विश्वास बसला. मालकानं गल्ला सोडला आणि बाहेर येऊन उभा राहिला.

चमत्कार झाला नाही. श्टुटगार्टनं चौथ्यांदा कप जिंकला. त्यांनाही तो हवाच होता. लिगमध्ये ते नववे आले होते, युरोपात खेळायला हाच एक रस्ता उरला होता. यापूर्वीचा त्यांचा कप १९९७ चा, तोही तिसऱ्या लिगमधल्या कॉटबुसला हरवून. आजवर चार वेळा तिसऱ्या लिगमधला संघ फायनलला पोचला. १९९३ मध्ये हेर्थाची दुसरी टीम, १९९७ मध्ये कॉटबुस, २००१ मध्ये युनियन बर्लिन आणि २०२५ मध्ये बीलेफेल्ड. चौघेही हरले.

घरी चालत येताना ताई गप्प होती. म्हटलं, झालं, मूड गेला. आता मिशन काढावं की काय? तेवढ्यात तीच बोलली. "तुला माहितीये, व्होल्टेमाडे दोन वर्षांपूर्वी तिसऱ्या लिगमध्ये खेळत होता. लोनवर. उनडावसुद्धा मेप्पेनकडून तिसऱ्या लिगमध्येच खेळलाय. आणि २००१ ला हरलेलं ते युनियन बर्लिन २०२३ मध्ये चॅम्पियन्स लिगमध्ये रेआल माद्रिदशी खेळत होतं. तिकिटासाठी मारामारी होती इथे." थोडं थांबून म्हणाली, "आईनं तुला मला न्यायला पाठवलंय ना?"

मी भाजणीच्या पिशवीसारखा उभा.

"तिला सांग, तीनदा फायनलला पोचणं म्हणजे नापास होणं नव्हे. सोमवारची झाली की मग बघू."

रविवारी मी तिचा इंटरव्ह्यू घेतला, फ्रिजवरच्या चिठ्ठ्या बघून, माझ्या मोडक्या जर्मनमध्ये. 'सर्वांत मोठी चूक कोणती?' हा प्रश्न सात वेळा. ब्लेझरला पुन्हा इस्त्री केली, गरज नसताना. सोमवारी सकाळी ती तयार होऊन दारात उभी राहिली तेव्हा मी विचारलं, "काय वाटतं?"

"बहुतेक नाही," ती हसून म्हणाली, आणि गेली.

त्या कंपनीची मेल गुरुवारी आली. चौथी फायनलही गेली.

तिला नोकरी ऑगस्टमध्ये लागली. छोटी कंपनी, आधीपेक्षा कमी पगार. तिच्या भाषेत सेकंड लिग. त्याच महिन्यात सेकंड लिगमध्ये आलेल्या आर्मिनियानं कपच्या पहिल्या फेरीत वेर्डर ब्रेमेनला पुन्हा घरी पाठवलं. ताईनं मला त्या निकालाचा फोटो पाठवला, खाली काहीच न लिहिता.

मावशीला मी परत आल्यावर सगळं सांगितलं होतं. मिशन फेल झालं म्हणून आठवडाभर ती माझ्याशी नीट बोलली नाही. मग एका रविवारी पोळ्या लाटता लाटता सहज विचारल्यासारखं विचारलं, "ते तुमचे, नसलेल्या गावचे, त्यांचं काय झालं रे पुढे?"

आता दर रविवारी विचारते. फक्त 'तुमचे'चं 'आपले' झालंय.